अंगावरून वारे गेल्यानंतर: पक्षाघाताच्या रुग्णाचे घरातले पुनर्वसन

रुग्णालयातून घरी आणलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाभोवती पहिल्या आठवड्यात सगळे घर गोळा होते. पाण्याचा पेला तोंडाला लावला जातो, घास भरवला जातो, कूस बदलून दिली जाते, आणि आजींनी उठायचा प्रयत्न केलाच तर “तुम्ही उठू नका, मी देते” असे म्हणत सून धावत येते. या मायेत खोट काहीच नसते. तरीही घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना मी वर्षानुवर्षे जे पाहिले आहे, त्यावरून मला ठामपणे सांगावेसे वाटते की, रुग्णाला थोडेफार जमणारे काम आपण त्याच्या हातातून काढून घेतले की त्याच्या सुधारणेची वाट आपणच अडवतो. मी रोज एक तास येते. उरलेले तेवीस तास रुग्ण घरच्यांजवळ असतो, आणि हातपाय पुन्हा किती कामाला लागतील हे बरेचसे त्या तेवीस तासांत ठरते.

याचे कारण मेंदूच्या कामात आहे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र मेंदूचे शाबूत राहिलेले भाग त्यांचे काम हळूहळू उचलू लागतात, आणि ते उचलण्यासाठी रुग्णाला तीच हालचाल शेकडो वेळा, खऱ्या कामासाठी आणि स्वतःच्या प्रयत्नाने करावी लागते. दुसऱ्याने हात धरून खालीवर केला तर सांधा मोकळा राहतो, पण मेंदू त्यातून फारसे शिकत नाही. सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढे तो मंदावतो, थांबत नाही. त्यामुळे “सहा महिने झाले, आता काही व्हायचे नाही” असे कोणी म्हटले तरी ते मानू नये. कबुतराचे रक्त चोळण्यात किंवा अमुक गावच्या औषधासाठी फेऱ्या मारण्यात नेमके हेच पहिले तीन महिने निघून गेलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

लेख पक्षाघाताला धरून लिहिला आहे. पार्किन्सनच्या, खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा वयामुळे खचलेल्या माणसाच्या घरालाही यातला घर, अंथरूण आणि शौचालय यांविषयीचा भाग उपयोगी पडेल. पण व्यायाम त्या त्या आजाराच्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावेत, कारण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायावर किती भार द्यायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच सांगू शकतात.

रुग्णालय सोडण्यापूर्वी

घरी सोडण्याच्या दिवशी बिलाची आणि गाडीची इतकी धावपळ असते की महत्त्वाचे प्रश्न विचारायचे राहून जातात, म्हणून ते आदल्या दिवशीच विचारावेत. गिळण्याची तपासणी झाली आहे का आणि पाणी, चहा असे पातळ पदार्थ द्यायला परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. रक्तदाब किती असावा आणि कितीच्या वर गेला तर कळवायचे, हा दुसरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण चालू असेल तर साध्या पडण्यानेही आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्यानंतर तिथल्या फिजिओथेरपिस्टला कूस बदलणे, उठवून बसवणे आणि खाटेवरून खुर्चीत नेणे या तीन गोष्टी आपल्यासमोर करून दाखवायला सांगाव्यात, मोबाईलवर त्यांचे चित्रीकरण करावे आणि मग त्यांच्यादेखत आपण स्वतः एकदा करून पाहाव्यात. नुसते पाहून हे हातात बसत नाही.

घरी थांबलेल्या माणसाने तोपर्यंत मोजपट्टी घेऊन दारांची रुंदी मोजावी. चाकांची खुर्ची साधारणपणे ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि तिचे चाक ढकलणाऱ्या हातांनाही जागा लागते. जुन्या घरांतली न्हाणीघराची दारे बऱ्याचदा तेवढी रुंद नसतात, आणि खुर्ची विकत आणल्यावर हे लक्षात येणे महागात पडते.

घराची मांडणी

रुग्णाची खाट आतल्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवायची आपली पद्धत आहे. त्याऐवजी ती शक्यतो अशा ठिकाणी ठेवावी जिथून घरातली ये-जा दिसेल आणि शौचालय जवळ असेल. खाटेची उंची इतकी असावी की काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. बहुतेकांना ४५ ते ५० सेंटिमीटर उंची पुरते. फार खाली असलेला दिवाण किंवा जमिनीवरची गादी यांवरून उठणे कमजोर पायाला झेपत नाही. दिवाण खाली असेल तर त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून घ्यावेत.

पायपुसणी आणि सुटी जाजमे पहिल्याच दिवशी उचलून ठेवावीत. उंबरठ्याला पिवळी किंवा लाल पट्टी चिकटवावी, म्हणजे तो नजरेत भरतो. चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा असेल तर प्रत्येक १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी हे प्रमाण पाळावे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. घाईने टाकलेली आखूड फळी माणसाला खुर्चीसकट मागे उलथवू शकते. खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा. अंगठ्याच्या किंवा साध्या पट्ट्याच्या चपला बंद करून टाचेला पट्टा असलेली, रबरी तळाची पादत्राणे घरातसुद्धा घालावीत; घरात पादत्राणे घालू न देण्याचा नियम या एका माणसासाठी बाजूला ठेवावा, असे मी प्रत्येक घरात सांगते.

सर्वात जास्त खर्च करावा तो शौचालय आणि न्हाणीघर यांवर. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवायची कमोड खुर्ची बाजारात सहज मिळते. ती घेताना तिच्या पायांचे रबरी बूच ओल्या फरशीवर सरकत नाहीत ना, हे पाहावे. भिंतीत आधाराचा दांडा बसवताना तो रुग्णाच्या चांगल्या हाताच्या बाजूला आणि रुग्णाला प्रत्यक्ष बसवून ठरवलेल्या उंचीवर असावा, आणि तो टाइलवर न चिकटवता भिंतीत खोल ठोकलेला असावा. टॉवेल टांगायच्या नळीला धरून कोणी उठू नये. ती वजन पेलण्यासाठी केलेली नसते. आंघोळ मोरीत पाटावर बसून न करता प्लॅस्टिकच्या भक्कम, हात असलेल्या खुर्चीत बसून करावी. पाणी किती गरम आहे हे आधी मदत करणाऱ्याने आणि नंतर रुग्णाने आपल्या चांगल्या हाताने पाहावे, कारण कमजोर बाजूला चटका कळत नाही. याच कारणाने त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी, तव्यावरचा शेक किंवा कडकडीत तेल लावू नये. शेकाने भाजून झालेल्या जखमा मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की, ही सूचना मी आता भिंतीवर लिहून लावते.

अंथरुणातले दिवस

जो रुग्ण स्वतः कुशीवर वळू शकत नाही त्याची बाजू दर दोन तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. कमजोर बाजूवर झोपवताना खालचा खांदा हलकेच पुढे घ्यावा, म्हणजे शरीराचे वजन खांद्याच्या टोकावर येत नाही. चांगल्या बाजूवर झोपवताना कमजोर हाताखाली एक आणि कमजोर पायाखाली एक अशा दोन उशा द्याव्यात. उताणे झोपवताना कमजोर खांद्याखाली पातळ उशी ठेवावी आणि पोटऱ्यांखाली आधार देऊन टाचा गादीपासून अधांतरी राहू द्याव्यात.

रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू तपासावी. लालसर भाग बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभर पांढरा पडला नाही, तर तिथली कातडी खालून मरू लागली आहे असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागते का ते पाहावे. अशा जागेवर चोळू नये आणि पुन्हा तिथे भार येऊ देऊ नये. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. मध्ये भोक असलेली गोल रबरी उशी मात्र वापरू नये, कारण तिच्या कडेने दाब वाढतो आणि मधल्या भागाचे रक्त अडते.

डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर दिवसाचा जास्तीत जास्त वेळ रुग्णाने बसलेल्या स्थितीत घालवावा. पहिल्यांदा बसवताना दोन-तीन मिनिटे खाटेच्या काठावर थांबावे, चक्कर येते का ते विचारावे आणि मगच पुढचे ठरवावे. खुर्चीत बसल्यावर दर अर्ध्या तासाने एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलवावा.

घास आणि घोट

पक्षाघातानंतर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणे ही पहिल्या काही आठवड्यांतली फार मोठी भीती असते. पाणी, चहा, ताक असे पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा जास्त धोक्याचे असतात, हे घरच्यांना पटायला वेळ लागतो, कारण आजारी माणसाला आपण आधी पातळ पेजच देतो. गिळण्यात दोष असेल तर कितपत घट्ट द्यायचे ते वाचा व गिळणे यांच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. सर्वसाधारणपणे घट्ट खिमट, नाचणीची घट्ट पेज, मऊ शिरा, कुस्करलेले केळे असे एकजीव पदार्थ सोपे जातात. चहात बुडवलेले बिस्कीट, पातळ आमटीतला भात, कुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी यांनी ठसका लागतो.

जेवण नेहमी पूर्ण ताठ बसून, हनुवटी किंचित खाली ठेवून आणि शक्यतो स्वतःच्या हाताने व्हावे. घास लहान असावा आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा घेऊ नये. जेवताना दूरदर्शन बंद ठेवावा. जेवणानंतर गालात अन्न साठलेले नाही ना ते पाहून चूळ भरायला लावावी आणि अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, वारंवार खोकला येत असेल किंवा कारण नसताना ताप चढत असेल तर तोंडाने देणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खांदा जपणे

एकच चूक टाळता येणार असेल तर मी ही निवडेन: कमजोर हाताला धरून कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा स्नायूंच्या ताणावर जागेवर राहतो आणि स्नायू सैल पडल्यावर हाताच्या वजनानेच तो खाली सरकू लागतो. अशा वेळी उठवताना बगलेत हात घालून उचलले किंवा सदरा घालताना हात खेचला की खांदा दुखू लागतो, आणि एकदा दुखू लागलेला खांदा महिनोन्महिने सगळे व्यायाम अडवतो. बसलेले असताना तो हात उशीवर किंवा टेबलावर ठेवावा, लोंबकळू देऊ नये. गळ्यातली झोळी दिवसभर बांधून ठेवली तर हात आखडतो; ती कधी वापरायची हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे. दारावर दोरी आणि कप्पी लावून चांगल्या हाताने कमजोर हात डोक्यावर ओढण्याचा व्यायाम बऱ्याच घरांत शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू होतो. पक्षाघाताच्या खांद्याला तो इजा करतो, म्हणून दिसला की मी दोरी काढायला लावते. दुसऱ्याने हात वर उचलताना, खांद्याचे पाते कसे सोबत फिरवायचे हे शिकून घेईपर्यंत, खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नये. मालिश करणाऱ्यांनाही हे निक्षून सांगावे. हलक्या हाताचे तेल लावणे सुखाचे असते. बोटे कडकडा मोडणे आणि झटके देणे घातक असते.

कपडे घालताना कमजोर हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. हे रुग्णाने चांगल्या हाताने स्वतः करावे. पुढून उघडणारा सैल सदरा किंवा गाऊन, बटणांऐवजी चिकटपट्टी आणि साडीऐवजी नाडी नसलेला परकर यांनी काम सोपे होते. मात्र आयुष्यभर साडी नेसलेल्या आजींना गाऊन नको असेल तर त्यांच्यावर तो लादू नये; आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या मदतीने साडी नेसणे हाच त्यांचा व्यायाम ठरवता येतो.

उठणे, बसणे, चालणे

खाटेवरून खुर्चीत नेताना पुढचा क्रम पाळावा. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेशी किंचित तिरकी ठेवून तिचे ब्रेक लावावेत आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. रुग्णाने पादत्राणे घालून काठावर पुढे सरकावे आणि तळपाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावेत. मदत करणाऱ्याने समोर उभे राहून, आपले गुडघे वाकवून, रुग्णाच्या कमजोर गुडघ्याला आपल्या गुडघ्याने आधार द्यावा आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरावे. मग रुग्णाला “नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे आणा” असे सांगावे आणि तिनाच्या मोजणीवर उठावे. पुढे झुकल्याशिवाय कोणीही नीट उठू शकत नाही. घाबरलेला रुग्ण मागे रेलतो आणि मदत करणाऱ्याच्या पाठीवर सगळा भार येतो. रुग्णाला आपल्या मानेला मिठी मारू देऊ नये.

हेच उठणे-बसणे पुढे मुख्य व्यायाम बनते. सुरुवातीला एका वेळी पाच, दिवसातून तीन वेळा, आणि झेपेल तसे वाढवत नेऊन दिवसाला पन्नासपर्यंत पोहोचता येते. उठताना कमजोर पाय किंचित मागे ठेवला तर त्याच्यावर भार येतो आणि तो कामाला लागतो. मी सुरुवातीच्या काळात चौदा-चौदा व्यायाम कागदावर काढून देत असे आणि पुढच्या भेटीला कळे की त्यांतला एकही झालेला नाही. आता मी तीनच देते आणि ते दिवसातल्या ठरलेल्या गोष्टींना बांधून देते: प्रत्येक चहापूर्वी दहा उठबशा, प्रत्येक वेळी शौचालयाला जाताना पायी जाणे आणि दुपारच्या मालिकेच्या आधी हाताचे एक काम.

चालण्याच्या साधनांबाबत एक चूक इतकी सर्रास होते की ती सांगितलीच पाहिजे. घरी आणल्या आणल्या वॉकर विकत घेतला जातो, पण वॉकर धरायला दोन्ही हात लागतात, आणि ज्याची एक बाजू गेली आहे त्याला तो उचलताच येत नाही. अशा रुग्णाला बहुधा चार पायांची काठी लागते आणि ती चांगल्या हातात धरायची असते. रुग्ण सरळ उभा असताना आणि हात सैल सोडलेला असताना काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. चालताना आधी काठी पुढे, मग कमजोर पाय, मग चांगला पाय. मदत करणाऱ्याने कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना कमजोर पाय आधी; आणि दोन्ही वेळा मदतनीस रुग्णाच्या खालच्या पायरीवर असावा.

रुग्ण पडलाच तर लगेच ओढून उठवू नये. वेदना, पाय आखूड किंवा वाकडा दिसणे आणि डोक्याला मार लागणे हे पाहावे. यांतले काही नसेल तर जवळ खुर्ची आणून तिच्या आधाराने रुग्णाला स्वतः उठायला मदत करावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे.

हाताला काम

हात पायापेक्षा हळू सुधारतो आणि घरचे लोक तिथेच निराश होतात. बोटे घट्ट मिटून राहत असतील तर चेंडू दाबायला देण्यापेक्षा बोटे उघडण्याचा आणि वस्तू सोडण्याचा सराव जास्त उपयोगी असतो. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी लागणारे सगळे आहे. मटार सोलणे, मेथी निवडणे, ताटातले तांदूळ पसरून खडे वेचणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे, पेल्यांची उतरंड लावणे ही कामे कमजोर हाताला जमतील त्या पायरीवर द्यावीत. मी पाहिलेल्या एका आजींचा हात व्यायामाच्या चेंडूला कधी हललाच नाही, पण देवापुढच्या वाती वळायला दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटली. पहिल्या वाती वाकड्यातिकड्या होत्या, आणि त्याच समईत लावायच्या असे त्या घराने ठरवले होते. जो हात अजून अजिबात हलत नाही तोही बाजूला पडू देऊ नये. पोळी लाटताना परात दाबून धरणे, कागदावर वजन म्हणून राहणे अशी कामे त्याला द्यावीत.

डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांना डावीकडचे जगच जाणवत नाही. ते ताटातले उजवीकडचे तेवढे खातात, डाव्या दाराच्या चौकटीला आपटतात आणि डाव्या हाताकडे परक्यासारखे पाहतात. हा हट्ट किंवा वेड नसून मेंदूच्या उजव्या भागाला झालेल्या इजेचे लक्षण आहे. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून “लाल पट्टी दिसेपर्यंत पाहा” असे प्रत्येक जेवणाला सांगावे आणि बोलताना हळूहळू डाव्या बाजूला येऊन बसावे.

वाचा आणि मन

उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ रुग्णांची वाचाही जाते. बुद्धी शाबूत असते. शब्द सापडत नाहीत. त्यांच्याशी मोठ्याने न बोलता हळू, लहान वाक्यांत बोलावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, शक्यतो हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि दहा-पंधरा सेकंद शांतपणे वाट पाहावी. वाक्य त्यांच्यासाठी पुरे करण्याची घाई करू नये. एक शब्दही न बोलणारा माणूस कधी कधी आरती, पाढे किंवा वारांची नावे ओळीने म्हणतो, कारण पाठ असलेले आणि सुरातले बोलणे मेंदूत वेगळ्या वाटेने जपलेले असते. रोज संध्याकाळी घराने आरती एकत्र म्हणावी आणि शेवटचा शब्द रुग्णासाठी सोडावा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिथे वाचातज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळते.

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी नैराश्य येते. “अण्णा आता काही मनावरच घेत नाहीत” अशी तक्रार ऐकली की मी आधी नैराश्याचा विचार करते आणि डॉक्टरांशी बोलायला सांगते, कारण त्यावर उपचार आहेत आणि ते न झाल्यास व्यायामही होत नाहीत. बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

तज्ज्ञ आणि घर यांची वाटणी

घरच्यांनी सगळे शिकून घेतले तर फिजिओथेरपिस्ट लागणारच नाही, असे समजू नये. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात, कुटुंबीयांना पुनर्वसन शिकवून घरी पाठवलेल्या रुग्णांची सहा महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा चांगली आढळली नाही. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. माझ्या व्यवसायातल्या काहींना ते निराशाजनक वाटले. मला त्यातून एवढे कळले की थोड्या दिवसांच्या शिकवणीवर कुटुंबाला एकटे सोडणे पुरत नाही. व्यायाम कोणता, किती आणि पुढची पायरी कधी, हे तज्ज्ञाने ठरवावे आणि बदलत राहावे. तो दिवसभरात पेरणे घराच्या हातात असते. रोजची भेट परवडत नसेल तर आठवड्यातून एक आणि पुढे पंधरा दिवसांतून एक भेट ठेवावी, पण ती बंद करू नये. प्रत्येक भेटीला “या आठवड्यात त्यांनी स्वतः करायची नवी गोष्ट कोणती?” हे विचारून ते वहीत लिहून घ्यावे. मुंबईतल्या हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत १९५५ पासून हे काम चालते. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि साधने बनवणारे कारागीर एकाच छताखाली भेटतात.

रोज व्यायामापूर्वी रक्तदाब मोजावा. शांत बसलेले असताना तो १८०/११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप असेल तर त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांना कळवावे. एका पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणे असेल तर ती चोळू नये, तपासून घ्यावी. आत रक्ताची गुठळी असू शकते. चेहरा नव्याने वाकडा होणे, हात गळून पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसले तर वेळ पाहून ठेवावी आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

कागदपत्रांचे काम तब्येत स्थिरावल्यावर हाती घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खाली २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी स्वावलंबन या संकेतस्थळावर युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरणाऱ्याला दिव्यांग अवलंबितासाठी कलम ८०-डीडी खाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे.

सांभाळणाऱ्याचे काय

बहुतेक घरांत हे काम एकाच बाईवर येते, आणि ती बऱ्याचदा स्वतः साठीची पत्नी किंवा नोकरी सोडलेली सून असते. रात्रीची कूस बदलण्याची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी, हे मी सगळ्यांसमोर बोलून दाखवते, कारण एकटीत सांगितले तर ते तिथेच राहते. आठवड्यातला एक पूर्ण अर्धा दिवस तिने घराबाहेर काढावा आणि त्या वेळी कोण असेल हे आधीच ठरलेले असावे.

ब्युरोतून मावशी किंवा मामा ठेवले असतील तर त्यांच्या कामाची समजूतच वेगळी असते: रुग्णाला काही करावे लागू नये, यालाच ते चांगली सेवा मानतात, आणि त्यांचा त्यात दोष नाही, कारण त्यांना तेच सांगितलेले असते. म्हणून पहिल्याच दिवशी खाटेजवळ एक कागद लावावा. त्यावर एका बाजूला रुग्ण स्वतः काय करतो, दुसऱ्या बाजूला थोडी मदत कुठे लागते आणि तिसऱ्या बाजूला पूर्ण मदत कुठे लागते, हे लिहावे. दात घासणे, तोंड पुसणे, पेला उचलणे, सदऱ्याची उजवी बाही अशा बारीक नोंदी असाव्यात. दर रविवारी रुग्णाच्या समोर, त्याला विचारून, तो कागद नव्याने लिहावा.